दुसरी देग

आमच्या नात्यात कुठं मटणाची पंगत असली की यजमान मला थोडे टरकूनच असतात. मी ताटावर बसले की सगळ्यांच्या नजरा माझ्या नाकाकडे. धाकटा भाऊ तर मुद्दाम मोठ्यानं विचारतो, "ताई, पास का नापास?" पस्तीस वर्षं शेळ्यांच्या लेंड्या, बोकडांची आतडी आणि खाटकांच्या सुऱ्या तपासण्यात गेली, त्याचं हे बक्षीस. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्सा पुढ्यात आला की मी आधी विचारते, "कधी शिजवलं?" लोकांना वाटतं बाईंची खोड आहे. खोड नाही. त्यामागे एक शेळी आहे, तिची गोष्ट सांगायला बसले आहे.

मी बिलोली तालुक्यातली. वडील शाळेत शिपाई होते. बाबासाहेबांच्या मागं आमचं घर बौद्ध झालं आणि 'पोरगी शिकंल तितकी शिकू द्या' हा वडिलांचा हट्ट झाला. मी बी.एस्सी. होऊन जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा आईनं सगळ्या गल्लीला साखर वाटली आणि मग मला आत नेऊन विचारलं, "पर तुला तिथं करायचं काय असतंय?" मी खरं सांगितलं. "शेणात हात घालायला एवढं शिकलीस व्हय," आई एवढंच म्हणाली.

तसं काम सोपं सांगता येतं. खाण्यासाठी पाळलेला बोकड दिसायला देखणा असतो, पण त्याच्या पोटात असे जंतू असू शकतात की त्याला काही होत नाही, खाणाऱ्याला मात्र होतं. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मग लेंडीचा, मटणाचा, सुरीचा नमुना घ्यायचा, जंतूला आवडेल असं खाणं नळीत घालायचं, अंगाइतक्या उबेला ठेवायचं आणि वाट बघायची. दिसत नाही ते दिसेपर्यंत वाढवायचं, हा आमचा धंदा.

सुरुवातीची वर्षं नांदेडला गेली. तिथल्या कत्तलखान्यात करीमभाई म्हणून एक म्हातारे खाटीक होते. मी सुरी पुसून नमुना घ्यायला जाते हे कळल्यावर त्यांनी माझ्या येण्याच्या दिवशी सुरी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायला सुरुवात केली. माझ्या नळीत काही उगवेना. मग मी वार बदलत राहिले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बाई, तुमचा काय भरोसा न्हाई, आता रोजच उकळून राहिलो." माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं यश तेच असावं, पण ते कोणत्याही अहवालात लिहायची सोय नव्हती.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडं झाली. नवा जिल्हा म्हणजे काय, तर फाटकावर ताज्या रंगाची पाटी आणि आत काही नाही. कापडाच्या जुन्या गोदामात दोन खोल्या मिळाल्या. लेटरहेड आले ते उस्मानाबादचे. मी पट्टीनं रेघ ओढून एकेकावर 'लातूर' लिहीत बसायची. जंतू मारायची मोठी टाकी आलीच नव्हती, म्हणून नळ्या घरच्या कुकरमध्ये शिजवायच्या. वर दुष्काळ. प्रयोगशाळेला दिवसाला दोन घागरी पाणी, त्यातच नळ्या धुवायच्या आणि त्यातच साहेबांचा चहा.

साहेब म्हणजे डॉ. नागापूरकर. जनावरांचे उत्तम डॉक्टर आणि अंडंही न खाणारा माणूस. मटणाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख शाकाहारी, यावरून आमची खूप चेष्टा व्हायची. काही जंतूंना वाढवायला शिजवलेला खिमाच लागतो. मी खिमा उकळायला घेतला की साहेब नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात जायचे. मग आम्ही कामं वाटून घेतली. "सोनकांबळेबाई, मटण तुमचं, दूध माझं," असं ते म्हणाले.

दूध कशाला, तेही सांगते. शिजवलेल्या अन्नातून पोट बिघडवणारा एक जंतू आहे. त्याची बी उकळलं तरी मरत नाही. हवा कोंडलेली आणि ऊब बेताची असली की ती उगवते आणि एका रात्रीत कोटींनी वाढते. तो ओळखायची जुनी युक्ती म्हणजे साय काढलेलं दूध. लिटमस घालून जांभळट केलेल्या दुधात तो सोडला की सकाळपर्यंत दूध गुलाबी होतं, त्याचं दही बनतं आणि आतल्या वायूनं ते दही फाटून चिंध्या होऊन वर येतं. कधी कापसाचं बूचही उडतं. साहेब त्याला 'वादळ' म्हणायचे. म्हशीचं दूध कोपऱ्यावरच्या डेअरीतून यायचं आणि साय साहेब स्वतः काढायचे, अगदी मन लावून.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात किल्लारीच्या रस्त्यावरच्या एका गावातून नमुने आले. किल्लारी तेव्हा जुनीच होती, भूकंपाच्या आधीची. त्या गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. गावातल्या माणिकराव नावाच्या शेतकऱ्यानं नातू झाला म्हणून दर्ग्याला कंदुरी केली होती. कंदुरी म्हणजे नवसाचा बोकड. मुल्ला कापतो, दर्ग्यापुढंच देगीत, म्हणजे मोठ्या हंड्यात, शिजवतात आणि हिंदू-मुसलमान सगळं गाव एकत्र जेवतं. दुष्काळ असला तरी नवस थांबत नाही. बोकड घेतला होता रसूलबीकडून. ही एकटी बाई, नवरा वारलेला, नऊ शेळ्यांवर तिचं घर चालायचं. कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गावातली तीसेक माणसं पोटात कळा येऊन आडवी झाली. एका म्हाताऱ्याला औशाला नेऊन सलाईन लावावी लागली. एक-दोन दिवसांत सगळी उठून बसली, पण गावानं ठरवून टाकलं की रसूलबीचा बोकड रोगट होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी देगीच्या तळाचं उरलेलं मटण आणि रसूलबीच्या शेळ्यांच्या लेंड्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एस.टी.च्या कंडक्टरकडे दिल्या. बर्फ गोळेवाल्याचा, अर्धा वितळलेला. साहेब मीटिंगला औरंगाबादला गेले होते. मी दोन्ही नमुने लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्यांची उबेची पेटी उघडली तर मटणाच्या नळीत वादळ आणि लेंडीच्या नळीतही वादळ!

नव्या जिल्ह्यातल्या नव्या प्रयोगशाळेचा हा पहिला मोठा निकाल, आणि तो मी एकटीनं काढलेला. माझ्या अंगात वारं शिरलं. साहेबांची वाट बघायची सोडून मी उस्मानाबादवर रेघ मारलेल्या कागदावर लिहिलं, 'मटणात व सदर शेळ्यांच्या विष्ठेत एकच जंतू आढळला.' खाली सही केली आणि त्याच दिवशी पाठवून दिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चार दिवसांनी साहेब आले. कागदाची प्रत वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे," म्हणाले, पण शाबासकी देताना माणूस म्हणतो तसं नाही म्हणाले. मी मनातून थोडी नाराजच झाले. आम्ही हे बोलत असतानाच दारात रसूलबी येऊन उभी राहिली.

पन्नाशीची बाई, पायांत चपला नाहीत, डोक्यावरच्या ओढणीचं एक टोक मुठीत घट्ट धरलेलं. तिनं विचारलं, "कागद लिवणारी बाई कोन?"

"मी," मी म्हणाले.

"बाई, तुमच्या कागदानं गावानं माज्या शेळ्यांचं पानी बंद केलंय. टँकरच्या हौदाला तोंड लावू देत न्हाईत. मंतेत, तुज्या शेळ्यांची लाळ पडंल अन् गाव मरंल. म्या दोन कोसावरून डोक्यावर घागर आनते. नऊ शेळ्याला एक घागर. माजी चांदनी नुकतीच येली, तिच्या थानाला पिल्लू हाय. दूध आटलंय तिचं."

मी काहीतरी सांगू लागले, जंतू म्हणजे काय वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाव, माज्या शेळ्यांत सापडला. मग दुसऱ्याच्या बी शेळ्या तपासल्या का?"

मी उगाच रजिस्टरची पानं चाळली.

"न्हाई ना? म्या आनलंय." तिनं ओढणीचं टोक जमिनीवर पसरलं. त्यात लेंड्या बांधलेल्या चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं गाठी मारल्या होत्या. एक गाठ माणिकरावांची, दोन गाठी गुरवाच्या, तीन गाठी सुताराच्या. अशा सात घरांच्या. "अन् अजून एक इचारते. बोकड एकच व्हता. रातच्या पंगतीला म्या खाल्लं, समद्या बायकांनी खाल्लं, आमाला कुनाला काय झालं न्हाई. सकाळच्या देगीचं ज्यांनी खाल्लं तेच पडले. असं कसं करील बोकड?"

पुरचुंड्या बघून साहेब म्हणाले, "नमुना घ्यायची पद्धत चुकीची आहे, बाई. प्रश्न मात्र बरोबर आहे." मग माझ्याकडे वळले, "उद्याच गावात जा."

मला त्या क्षणी रडू यायचं बाकी होतं. कॉलेजात आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की संशयिताबरोबर शेजारीही तपासायचा, नाहीतर सापडलेल्या गोष्टीला अर्थ नाही. मी ते परीक्षेत लिहून चांगले मार्क घेतले होते. आणि त्याची मला आठवण करून द्यायला अनवाणी बाई एस.टी.नं लातूरला आली होती.

दुसऱ्या दिवशी गावात जाऊन मी घरोघरच्या शेळ्यांचे नमुने रीतसर घेतले. रसूलबीच्या दारात गेले तेव्हा चांदणी भिंतीला टेकून बसली होती. पांढऱ्या अंगावर कपाळाशी काळा ठिपका. तिचं पिल्लू तिच्या पोटाला ढुशा देत होतं आणि ती उठत नव्हती. रसूलबी तिला ओंजळीनं पाणी पाजत होती. हौदावर जाऊन मी दोन माणसांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "कागद मागं घ्या, मग बघू." त्यांचं तरी काय चुकलं? कागद माझाच होता.

नळ्या लावल्या. साहेबांनी त्या दिवशी साय काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. सकाळी पेटी उघडली तर सगळीकडे वादळ. माणिकरावांच्या शेळ्या, गुरवाच्या, सुताराच्या, झाडून सगळ्या. हा जंतू शेळीच्या पोटात राहतोच. तो माझ्याच अहवालात पहिल्यांदा गुन्हेगार झाला होता. साहेबांनी स्वतःच्या हातानं नवा अहवाल लिहिला, मला सही करायला दिली आणि म्हणाले, "दोघंही जाऊ."

आम्ही दर्ग्याच्या ओट्यावर नळ्यांची घोडी मांडली. प्रत्येक नळीवर मालकाचं नाव. अर्धं गाव जमलं. जो तो आपलं नाव शोधायला लागला. सुतार म्हणाला, "आयला, आपलं बी फाटलंय की!" गुरवानं नळी हातात घेऊन वास घेतला आणि लगेच ठेवून दिली. माणिकरावांनी आपली नळी बघितली आणि मग रसूलबीची. दोन्हींत काही फरक नव्हता.

"मंग माणसं पडली कशानं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "सकाळची देग रात्रभर कशी ठेवली होती, ते सांगा."

माणिकराव थोडे सुखावूनच सांगायला लागले. गावातली निम्मी माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला दूर मुक्कामाला होती. सकाळी बाजाराच्या सुट्टीला ती येणार होती. कंदुरीचं मटण दर्ग्यावरून बाहेर न्यायचं नाही असा तिथला रिवाज, म्हणून त्यांच्याकडे पाठवता येईना. "उन्हातान्हात खडी फोडून येनार लेकरं. त्यांना शिळं थंड कसं वाढावं? पुन्यांदा कढवायला जळन न्हाई. मंग म्या काय केलं, दुसरी देग कनकेनं लिंपून टाकली, बारदान गुंडाळलं अन् गरम राखंत गळ्यापतूर पुरून ठेवली. सकाळी हात लावला तर कशी कोंबट!"

एवढं सांगून ते थांबले. नळ्या मांडताना मी गावाला आमच्या उबेच्या पेटीबद्दल सांगितलं होतं: हवा कोंडायची, अंगाइतकी ऊब द्यायची आणि रात्रभर ठेवायचं. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"मंजी... मीच व्हय?"

मला वाटलं साहेब बोलतील. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मामा, तुम्ही मायेनं ठेवलं. जंतूलाही ऊबच लागते. सकाळी पुन्हा उकळी आणली असती तर रात्रीत उगवलेले जंतू मेले असते, काही झालं नसतं. कागद लिहिताना मी हे विचारायला पाहिजे होतं. चूक माझी मोठी आहे."

माणिकराव उठले. कुणाशी न बोलता रसूलबीच्या घराकडे गेले आणि शेळ्या सोडून, स्वतः पुढं होऊन हौदावर घेऊन आले. गावानं बाजूला होऊन वाट दिली. शेळ्या हौदात तोंड घालून किती वेळ पीत होत्या! मी मोजल्या. त्या आठ होत्या.

चांदणी आदल्या दिवशी गेली होती. रसूलबीनं मला ते सांगितलंही नाही, मीच विचारलं. "गेली," म्हणाली आणि ओढणीत गुंडाळलेलं पिल्लू दाखवलं. जुना अहवाल रद्द केल्याची नोंद मी रजिस्टरात लाल शाईनं केली. पुढं शेळीची नोंद करायला रकाना नव्हता.

त्यानंतर माझ्या टेबलावर संशयिताच्या नळीशेजारी शेजाऱ्याची नळी ठेवल्याशिवाय एकही निकाल बाहेर गेला नाही. त्या शेजारच्या नळीवर मी 'र' लिहायची. नवे लोक तिचं 'कंट्रोल' हे पुस्तकातलं नाव सांगायचे, मी 'रसूलबीची' म्हणायची. आमच्या छापील फॉर्मवर 'कोणी, कधी खाल्ले' हा प्रश्नही मी हातानं लिहायला लागले.

दुष्काळ सरल्यावर, दोनेक वर्षांनी, माणिकरावांनी दुसऱ्या नातवाची कंदुरी केली. आम्हाला निरोप पाठवला, 'बोकड रसूलबीचाच हाय. दोघं बी या.' साहेब चटणी-भाकरीचा डबा घेऊन आले आणि पंगतीत माझ्या शेजारी बसले. या वेळी देग एकच होती आणि सगळं गाव हजर होतं. वाढून झालं तरी कुणी हात लावेना. माणिकराव मोठ्यानं म्हणाले, "बाईंनी पैला घास घ्यावा, मंग गाव खाईल."

माझ्या आजोबांना असल्या गावात पंगतीच्या कडेला, लांब बसवून वाढायचे. आज मी खाल्ल्याशिवाय गाव खाणार नव्हतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी वास घेतला, सगळे हसले. मी घास घेतला आणि म्हणाले, "पास!" मग सगळी पंगत जेवायला लागली.

रसूलबी वाढत वाढत माझ्यापुढं आली आणि वाकून, माझ्यापुरतं म्हणाली, "बरा झालाय न्हवं? चांदनीचा हाय ह्यो. बाटलीनं पाजून वाढविला. दोन गिऱ्हाईकं परत धाडली बाई, तुमी येनार मनून राखला व्हता."

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्या तोंडावर राग नव्हता. माहेरी आलेल्या लेकीकडे आई बघते तसं ती माझ्याकडे बघत होती. साहेबांनी ऐकलं असावं, त्यांनी भाकरी मोडायची थांबवली. माझ्या तोंडातला घास आत जाईना आणि बाहेर काढायची सोय नव्हती.

"खावा की," रसूलबी म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढून, मी खाते की नाही ते बघत तिथंच उभी राहिली.